समेट म्हणजे मध्यस्थी नव्हे

प्रशासकीय सेवेत असताना एका जिल्ह्याच्या तिमाही अहवालात वैवाहिक तक्रारींचा तक्ता पाहण्यात आला होता. दाखल प्रकरणे, प्रलंबित प्रकरणे आणि शेवटी ‘समेट झालेली प्रकरणे’ असे त्याचे रकाने होते. समेट याचा अर्थ पत्नी सासरी परत गेली. जी जोडपी मुले, पोटगी, दागिने यांचा विचारपूर्वक निर्णय करून वेगळी झाली, त्यांच्यासाठी तक्त्यात जागाच नव्हती. ती अपयशात मोजली जात. त्या तक्त्याचा नमुना एव्हाना बदललाही असेल. त्यामागची समजूत मात्र देशभर टिकून आहे, आणि घटस्फोटातील मध्यस्थीची मुख्य अडचण तीच आहे.

या समजुतीला कायद्याचाही आधार मिळाला. हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करावयास सांगते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचा भरही तडजोडीवर आहे. मध्यस्थीची वाट निराळी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ सन २००२ पासून अंमलात आल्यावर चेन्नई, दिल्ली, बंगळूरु येथे न्यायालयांशी संलग्न मध्यस्थी केंद्रे उभी राहिली. २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद आरंभीच मध्यस्थीकडे पाठवावेत असे सांगितले. एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे हे मध्यस्थ ठरवीत नाही. जे ठरले असेल ते दोघांना निभावता येईल अशा अटींवर आणणे, एवढेच त्याचे काम. घटस्फोट द्यावयाचा तो न्यायालयानेच.

हे काम घरातील वडीलधारी मंडळी किंवा समाजातील प्रतिष्ठित व्यक्तीही करू शकतील, असे अनेकांना वाटते. कधीकधी करतातही. पण अटी कागदावर उतरू लागल्या की सद्भाव अपुरा पडतो. ‘पत्नी फौजदारी तक्रार मागे घेईल’ हे वाक्य अशा घरगुती करारनाम्यांत हमखास आढळते. पूर्वीचे ४९८अ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ यांखालील गुन्हा बहुतेक राज्यांत तक्रारदाराच्या इच्छेने मिटत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. तेवढे न लिहिल्यामुळे पैसे दिले गेले आणि खटला मात्र चालूच राहिला, अशी स्थिती उद्भवते. उलट बाजूही आहे. परस्पर संमतीच्या अर्जातील संमती हुकूमनामा होईपर्यंत मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सुरेष्टा देवी प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून ठरलेल्या रकमेचा कोणता हप्ता पहिल्या अर्जाच्या वेळी, कोणता दुसऱ्या आणि कोणता उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, याची साखळी नीट बांधावी लागते. मुलाच्या पोटगीचा हक्क आईला आपल्या हक्काबरोबर सोडून देता येत नाही. जाणता मध्यस्थ या जागा ओळखतो, आणि स्वतः सल्ला न देता प्रत्येकाला आपल्या वकिलाकडून खात्री करून घ्यायला लावतो.

२०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे अधिक महत्त्वाचे झाले. सहा महिन्यांची प्रतीक्षा आता न्यायालय माफ करू शकते. मात्र समेटाचे सर्व प्रयत्न थकले आहेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे प्रश्न खरोखर मिटले आहेत, अशी त्याची खात्री व्हावी लागते. मिटले आहेत की मिटल्यासारखे दिसतात, हे तोडगा कोणी आणि कसा घडवला यावर अवलंबून असते.

याहून नाजूक बाब हिंसेची. मारहाण सोसलेली स्त्री पतीच्या समोर बसून ‘मला काही नको, फक्त सुटका हवी’ म्हणते, तेव्हा ती संमती नसते. प्रशिक्षित मध्यस्थ दोघांशी आधी स्वतंत्र बोलतो, भीतीचा अंदाज घेतो आणि प्रसंगी हे प्रकरण मध्यस्थीचे नाही असे सांगून थांबतो. थांबणे हेही त्याच्या पात्रतेचे लक्षण आहे. यशाची टक्केवारी मोजणाऱ्या व्यवस्थेत थांबणाऱ्याची कदर होत नाही, ही गोष्ट वेगळी.

समोर बसलेली व्यक्ती मध्यस्थ आहे की समुपदेशक, हेही पक्षकारांनी पहिल्याच दिवशी विचारावे. मध्यस्थापुढील बोलणे गोपनीय असते. पण मुलांच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पेरी कन्साग्रा प्रकरणात म्हटले. दोन्ही खोल्या सारख्याच दिसतात.

आता प्रश्न पात्रतेचा. न्यायालयीन केंद्रांतील मध्यस्थांना सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने आखलेले ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. हे किमान आहे, आणि ते सर्व प्रकारच्या वादांसाठी आहे. व्यापारी थकबाकीचा तंटा हाताळणारा ज्येष्ठ वकील सात वर्षांच्या मुलीच्या सुट्ट्यांची वाटणी हाताळू शकेलच असे नाही. न्यायालयाबाहेर तर तेवढीही अट नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याची व्याख्या पक्षकारांनी नेमलेल्या कोणालाही मध्यस्थ मानते. नोंदणीकृत व्यक्ती तिच्यात ‘समाविष्ट’ आहे, इतकेच. मध्यस्थांचे प्रशिक्षण, मूल्यमापन आणि नोंदणी पाहणारी भारतीय मध्यस्थी परिषद याच कायद्याने कल्पिली. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या अधिसूचनेत परिषदेसंबंधीची कलमे अंमलात आली; तोडग्याला हुकूमनाम्याचे बळ देणारे कलम तेव्हा मागे ठेवले गेले. हा क्रम योग्यच होता. आधी पात्रता, मग बळ.

पंचायतीचा अनुभव आठवावा. १८१८ नंतर दख्खनच्या कारभारात एल्फिन्स्टनने पंचायती राखण्याचा आग्रह धरला, पण त्याच्याच अहवालात तिच्या संथपणाची आणि इतर दोषांची नोंद आहे. लोकांचा विश्वास असलेली संस्थाही नियमांवाचून निर्दोष राहत नाही, हे त्याला दिसत होते.

परिषदेने कौटुंबिक वादांसाठी मध्यस्थांची वेगळी यादी करावी. तिच्यात हिंसेची चिन्हे ओळखण्याचे आणि मुलांच्या मानसिकतेचे प्रशिक्षण अनिवार्य असावे. विधी सेवा प्राधिकरणांनी तोवर आपल्या यादीत प्रत्येकाचे प्रशिक्षण आणि कौटुंबिक वादांतील अनुभव छापावा, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या पक्षकारालाही निवड करता येईल. मध्यस्थ समोरच्या पक्षाचा परिचित आहे का, हे विचारण्यात आणि असल्यास दुसरा मागण्यात उद्धटपणा नाही. आणि तिमाही तक्त्यात, समेटाच्या शेजारी, ‘संमतीने व अटी ठरवून विभक्त’ असा एक रकाना वाढवावा. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही, कार्यालयीन परिपत्रक पुरते.