ज्याच्या हातात पाना, त्याच्याच हातात बटण

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या घरात एक ठराव मंजूर झाला. "आजोबांनी यापुढे मागच्या पडवीतल्या मशीनला हात लावू नये." सूचक चिरंजीव, अनुमोदक सूनबाई. विरोधात एकच मत पडलं, ते माझं. नातू तटस्थ राहिला, कारण त्यालाही बोलणी बसायची भीती होती. सभेत मला बोलायला फारसा वेळ मिळाला नाही (चहा संपला आणि सभाही संपली), म्हणून माझं म्हणणं इथे मांडतो. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवताना मुख्याध्यापकांना लेखी खुलासे पुष्कळ दिले. हा त्यातलाच आणखी एक समजा.

ज्यांनी आमचं मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. नातू मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने कोल्हापुरातच, उद्यमनगरात फिरून ॲल्युमिनियमचे बार आणले, बाकीचे सुटे भाग मागवले आणि एक छोटं सीएनसी राउटर जुळवलं. संगणकात चित्र काढायचं, त्याची आज्ञांची फाईल तयार होते, आणि त्या आज्ञांप्रमाणे एक फिरती मोटर पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकत लाकूड कोरते. त्या मोटरीला स्पिंडल म्हणतात आणि तिच्या तोंडाशी जे पातं असतं त्याला बिट.

आता एका बिटाने सगळं काम होत नाही. लेकीच्या नव्या फ्लॅटसाठी आम्ही सागवानाची 'आशीर्वाद' अशी पाटी करायला घेतली होती. अक्षरांभोवतीचं लाकूड खोदायला सपाट तोंडाचं बिट, अक्षरांच्या कडा आणि कोपरे धारदार करायला साठ अंशांचं टोकदार बिट, शेवटी पाटी कापून काढायला तिसरं. कारखान्यातली मोठी यंत्रं ही अदलाबदल आपली आपण करतात. आकड्यांच्या आज्ञांवर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीने १९५२ साली लोकांना दाखवलं, आणि त्याच दशकाच्या अखेरीस हत्यारं स्वतः बदलणारं यंत्र तिकडच्या कर्नी अँड ट्रेकर कंपनीने आणलं. घरच्या यंत्रांत मात्र ते काम अजून माणसाकडेच असतं. मशीन थांबतं आणि आपण पाना घेऊन उठायचं. आमच्याकडे हे काम माझं होतं.

काम साधं दिसतं पण त्याला रीत आहे. बिट धरायला कोलेट नावाची चिरा पाडलेली स्टीलची छोटी नळी असते. ती आधी नटात किंचित तिरकी धरून 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवायची, मग तिच्यात बिट घालायचं, मग नट स्पिंडलवर चढवायचा. नवशिका कोलेट नुसतीच स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवतो. मग बिट वाकडं फिरतं, आणि पुढच्या वेळी कोलेट आत अडकून बसते ती निघत नाही. बिटाचा गुळगुळीत दांडाच कोलेटमध्ये जायला हवा, धारेचा भाग नको. हे मला नातवाने एकदाच सांगितलं आणि मी ते वहीत लिहून ठेवलं. वर्गात मुलांना मी हेच सांगायचो, आता स्वतः करतो.

बिट बसल्यावर उंचीचं शून्य नव्याने घ्यावं लागतं, कारण प्रत्येक बिटाची लांबी वेगळी. आम्ही त्यासाठी एक धातूची चकती वापरतो. ती फळीवर ठेवायची, एक क्लिप बिटाला लावायची, बिट हळूहळू खाली येतं, चकतीला टेकलं की वीज जुळते आणि मशीनला कळतं की तळ इथे आहे. हे टोकदार बिटाच्या बाबतीत फार महत्त्वाचं. नातवाने गणित करून दाखवलं की साठ अंशांचं बिट ०.३ मिलिमीटर जास्त खोल गेलं तर रेघ साधारण ०.३५ मिलिमीटर जाड होते. ऐकायला काहीच वाटत नाही. पण 'आशीर्वाद'मधला रफार आणि वेलांटी जिथे एकमेकांजवळ येतात तिथे तेवढ्याने त्यांचा एक गोळा होतो. आणि शून्य घ्यायचं ते खालच्या फळीवरून, सागवानाच्या पृष्ठभागावरून नाही, कारण पहिल्या बिटाने तो पृष्ठभाग तासून टाकलेला असतो. पहिल्या दोन पाट्या आम्ही यातच वाया घालवल्या. असो.

आता मूळ प्रकरण. त्या दिवशी टोकदार बिटाची पाळी आली. मशीन थांबलं. मी बिट बदललं, शून्य घेतलं, क्लिप काढली. नातू पलीकडे लॅपटॉपवर होता. त्याने विचारलं, "आजोबा, झालं?" मी म्हणालो, "झालं रे." म्हणजे क्लिप काढून झाली. पण नट नीट आवळलाय ना अशी शंका आली म्हणून मी पुन्हा पाना लावला. (हेही चूकच. शून्य घेतल्यावर नट आवळला तर बिट वर सरकू शकतं.) त्याने 'झालं' ऐकलं आणि बटण दाबलं. पाना नटावर असतानाच स्पिंडल फिरली. पाना माझ्या अंगठ्यावर आपटून उडाला तो कपाटाच्या सनमायकाला कपची पाडून खाली पडला. अंगठ्याला तीन टाके पडले. डोळ्यांवर गॉगल होता, नाहीतर हा लेख लिहायला बसलो नसतो.

डॉक्टरांकडून येतानाच चिरंजीवांचा निकाल तयार होता. "बाबा, तुमचं वय झालंय आता. हात थरथरतात. नको ते उद्योग कशाला?" हात थरथरतात हे खरं आहे. सकाळचा चहा बशीत सांडतो हेही खरं. पण मंडळी, त्या दिवशी हात थरथरला म्हणून काही झालं नाही. हात जिथे असायला हवा तिथेच होता, नटावर. चूक 'झालं' या शब्दात होती. इतकी वर्षं मराठी शिकवूनही मला हे कळायला तीन टाके पडावे लागले, की 'झालं' या क्रियापदाचा कर्ता सांगितला नाही तर ऐकणारा आपल्या सोयीचा कर्ता लावतो. माझ्या जागी पंचविशीतला पोरगा असता तरी पाना तसाच उडाला असता. कदाचित जास्त जोरात, कारण त्याने घट्ट धरला असता.

म्हणून माझं ठाम मत असं, की बिट बदलायचं काम दोघांत वाटून घ्यायचंच नाही. ज्याच्या हातात पाना असेल त्यानेच पुढे चालूचं बटण दाबायचं. दुसऱ्याने लॅपटॉपपासून उठून उभं राहायचं.

चिरंजीव म्हणाले, एवढं कशाला, बिट बदलण्याआधी प्लग काढून टाकायचा, म्हणजे प्रश्नच मिटला. वरवर पाहता अगदी बरोबर. मिक्सरचं भांडं बदलताना सूनबाईही तेच करतात. पण इथे एक गोम आहे, आणि ती चिरंजीवांना ठाऊक नाही. आमच्या मशीनच्या मोटरींना आपण कुठे आहोत हे दिसत नाही. त्या फक्त 'इतकी पावलं डावीकडे, इतकी पुढे' असं मोजत जातात. वीज घालवली की मोजणी गेली. मग दुसरं बिट अक्षरांच्या जागीच कोरेल याची खात्री कोणी द्यायची? म्हणजे माणूस सुरक्षित ठेवायचा तर पाटी बिघडते आणि पाटी नीट ठेवायची तर माणसाचा अंगठा जातो, असा पेच. अपघात होतात ते बहुतेक या पेचामुळेच असं मला वाटतं. निम्मं काम झालेलं सागवान समोर असताना वीज घालवायला कोणाचाच हात धजत नाही.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी एका पाटीवर शिरोरेखा अक्षरांपासून सुटून एका बाजूला सरकल्यासारखी दिसत होती. मराठीच्या मास्तराला ते किती खुपलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. नातू म्हणाला, आजोबा, पाना फिरवताना तुमचा धक्का लागला. मी ऐकून घेतलं. पण मनाला पटेना. मोटरी चालू होत्या, मग धक्क्याने सरकलं कसं? आठवडाभर तो शोधत बसला तेव्हा कारण सापडलं. आमच्या मशीनच्या मेंदूत ग्रबल नावाचा प्रोग्रॅम आहे. सिमेन स्वाले स्कॉग्सरुड या गृहस्थांनी तो २००९ साली सुरू केला आणि सगळ्यांना फुकट दिला. त्यात 'डॉलर एक' नावाची एक सेटिंग असते. तिचा मूळ आकडा २५ असतो, म्हणजे हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरी सैल पडतात. आमचं मशीन दातेरी पट्ट्यावर चालतं, त्यामुळे सैल पडलं की बोटानेही सरकतं, पान्याची तर गोष्टच सोडा. तो आकडा २५५ केला की मोटरी धरून राहतात. आम्ही केला. त्यानंतर शिरोरेखा जागेवर आहे. आणि हो, नातवाने माझी माफी मागितली. सांगायचा मुद्दा, तेव्हाही पहिला संशय म्हाताऱ्यावरच आला होता.

याच ग्रबलला बिट बदलण्याची आज्ञा, एम सहा, समजतच नाही. फाईलमध्ये ती तशीच राहिली तर तो चूक दाखवतो. संगणकावरच्या प्रोग्रॅमने ती मधेच अडवावी लागते, नाहीतर तिच्या जागी नुसतं 'थांब' असं लिहावं लागतं. म्हणजे हत्यार बदलणं ही गोष्ट त्याने पूर्णपणे माणसावर सोडली आहे. मला यात उणेपणा दिसत नाही.

नातवाचा कल आता आपोआप बिट बदलणाऱ्या स्पिंडलकडे आहे. त्या बहुतेक स्पिंडलना हवेचा कॉम्प्रेसर लागतो, वेगळा ड्राइव्ह लागतो, आणि खर्च आमच्या अख्ख्या मशीनच्या वर जातो. दिवसाला शंभर पाट्या करणाऱ्याने तो जरूर करावा. आम्ही महिन्याला दोन करतो. त्यापेक्षा टेबलाच्या कोपऱ्यात कायमचा बसवलेला सेन्सर घ्यावा, म्हणजे बिट बदलल्यावर मशीन स्वतः तिथे जाऊन उंची मोजून येईल आणि क्लिप-चकतीचा खेळ संपेल. त्याला माझी पूर्ण संमती आहे, पेन्शनमधून अर्धे पैसेही देतो. मोजायचं काम यंत्राने करावं, ते माझ्यापेक्षा नीट करतं. नट नीट बसला का, बिटाची धार गेली का, भुसा अडकलाय का, हे बघायला मात्र कोणीतरी तिथे वाकायला हवं.

पेचावर उपाय मीच काढला, आणि तो ऐकून नातू कपाळावर हात मारून घेता झाला. स्पिंडलला वीजपुरवठा करणारा डबा वेगळा आहे, मशीनच्या मेंदूचा वेगळा. दोन्ही प्लग आम्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, एकाच स्विचखाली लावले होते. बुधवारी इलेक्ट्रिशियनला बोलावून स्पिंडलसाठी भिंतीवर स्वतंत्र स्विच घेतला. तो बंद केला की स्पिंडल मेली, पण मेंदू आणि बाकीच्या मोटरी जाग्या, मोजणी शाबूत. आणि स्विचच्या बरोबर खाली एक खिळा ठोकून दोन्ही पाने तिथे टांगले. पाना घ्यायला गेलं की हात आपोआप स्विचपाशी जातो. पाने खिळ्यावर परत गेल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही. आता बिट बसवायचं, पाने टांगायचे, मग शून्य घ्यायचं. त्यानंतर नटाला हात नाही. मराठी विषयाच्या माणसाला विजेतलं काय कळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी (आमचे पुण्याचे मेहुणे) येऊन बघून जावं.

ठराव अजून रद्द झालेला नाही. काल संध्याकाळी मात्र मी नातवाला लॅपटॉपपासून उठवला आणि नवीन फळीवर बिट बदलायला घेतलं. अंगठ्याला पट्टी असल्यामुळे वेळ लागला. चिरंजीव ऑफिसातून आले ते सरळ पडवीत. काही बोलले नाहीत, दाराला टेकून उभे राहिले. स्विच बंद, नट, बिट, पाने खिळ्यावर, चकती, शून्य. मी स्विच चालू केला आणि बटणाकडे हात नेला तेव्हा ते मागून म्हणाले, "बाबा, क्लिप काढली का?"

काढली होती. तरी मी खाली वाकून परत एकदा बघितलं.