गाडी सापडली नाही म्हणून हक्क संपत नाही

आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितोय.

आमच्या शिवारातला एक गडी रात्रीच्या लाईटीला दारं धरायला निघाला होता. मागून गाडीनं उडवलं आणि पळून गेली. नंबर कुणी बघितला नाही. माणूस जागेवर गेला. पाच महिन्यांनी मी घरच्यांना विचारलं, अर्ज केला का? म्हणाले, "गाडीच सापडली नाही दादा, पैसे देणार कोण?" पोलीस ठाण्यातही त्यांना हेच ऐकवलं होतं.

हे चूक आहे. अशा अपघातांसाठीच केंद्राची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. आधी २५ हजार आणि साडेबारा हजारच होते. अपघात जिथं झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. मात्र गुन्हा नोंदवलेला पाहिजे. एफआयआर, पोस्टमॉर्टेम, दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, महिन्याभरात गाडीचा तपास लागला नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती घरच्यांना लेखी द्यायची. तुमच्या गावात कुणाला असं पत्र आलंय का? आमच्याकडं तरी नाही. सातबाऱ्यावर एक अक्षर चुकलं तर आम्हाला दहा हेलपाटे, आणि कोर्टाचा आदेश पाळला नाही तर साहेबाला कोण विचारणार?

आता आपलंही बोलतो. बँकेचं कर्ज फिटलं की ट्रॅक्टरचा विमा बंद करणारे आपल्यातच आहेत. ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस भरून रात्री रस्त्यावर. अशा गाडीनं कुणाला उडवलं तर वरची योजना लागू होत नाही, कारण गाडी माहीत असते. मग सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लागतो आणि भरपाई मालकाच्या खिशातून जाते. मालकाची जमीन अडकते, नाहीतर मेलेल्याच्या घरच्यांच्या हाती नुसता निकालाचा कागद राहतो. विम्याचे थोडे पैसे वाचवून दोन घरं बुडवायची, ही कसली काटकसर?

त्या गड्याच्या बायकोला घेऊन मी सोमवारी तहसीलला जातोय. तुमच्या गावात असं घर असेल तर तुम्हीही सोबत जा. एकट्या बाईला कार्यालयात कुणी खुर्ची देत नाही.