हातोड्याविना लिलाव

नगरपालिकेच्या आवारातील जाहीर लिलाव म्हणजे एकेकाळी जुन्या साहित्याच्या व्यापाऱ्यांचे छोटेखानी संमेलनच असे. मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या नळांचे तुकडे, जळालेले पंप, चाके निखळलेली कचरागाडी अशा ढिगाभोवती पंधरा-वीस माणसे उभी राहत. भांडारपाल पुकारा करी आणि ‘तीन वार’ झाले की सौदा पक्का. त्या पंधरा-वीस जणांपैकी बहुतेकांचे सकाळीच चहावर ठरलेले असे, हेही सर्वांना ठाऊक असे. ज्याची पाळी त्याने घ्यायचे, इतरांनी दोन पावले चढून थांबायचे.

आज तोच ढीग संगणकाच्या पडद्यावर छायाचित्रांच्या आणि अनुक्रमांकांच्या रूपाने येतो. 1964 साली धातूच्या भंगाराच्या व्यापारासाठी स्थापन झालेली कोलकात्याची एमएसटीसी ही केंद्र सरकारी कंपनी, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-लिलाव संकेतस्थळ, ‘जेम’वरील विक्रीची सोय, असे मार्ग सार्वजनिक संस्थांना उपलब्ध आहेत. अकोल्याच्या मालावर इंदूरचा व्यापारी बोली लावतो आणि सकाळच्या चहाला काही अर्थ उरत नाही.

हा बदल केवळ यंत्राचा नव्हे. त्याच्या मुळाशी एक जुने तत्त्व आहे आणि ते समजण्यासाठी 1985 सालच्या एका निकालाची आठवण उपयोगी पडते. हरयाणातील एका खाणीचा ठेका लिलावास निघाला. सर्वोच्च बोली बाजूला ठेवली गेली आणि ज्याने थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून वार्षिक साडेचार लाख रुपये देऊ केले, त्याला ठेका मिळाला. डावललेला व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्तींनी दोन्ही पक्षांना न्यायालयातच बोली लावण्यास सांगितले. आकडा चढत चढत वार्षिक 25 लाखांवर गेला. बंद पाकिटातील साडेचार लाख आणि उघड्या स्पर्धेतील 25 लाख, यांतील अंतर हे जनतेच्या तिजोरीचे नुकसान होते. खासगी मालक आपली वस्तू मर्जीतल्या माणसाला स्वस्तात देऊ शकतो. सरकारला ती मुभा नाही, हे त्या निकालाचे सार. ‘राम अँड श्याम कंपनी’ या नावाने तो प्रसिद्ध आहे.

स्थानिक संस्थांचे कायदेही याच दिशेने जातात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 याच्या कलम 79 नुसार महापालिकेची स्थावर मालमत्ता चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात विकता वा भाड्याने देता येत नाही. नगरपरिषदांना 1965 च्या अधिनियमाखाली स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण करताना राज्य शासनाची मंजुरी लागते. जमीन व गाळ्यांचा विषय स्वतंत्र आणि गुंतागुंतीचा आहे. येथे विचार जंगम मालाचा आहे, कारण व्यापारी कुटुंबांचा रोजचा संबंध त्याच्याशीच येतो.

निरुपयोगी साहित्य विकण्याची पद्धत केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मध्ये नीट सांगितलेली आहे. ते नियम केंद्रीय कार्यालयांसाठी आहेत, नगरपरिषदेला थेट लागू नाहीत; परंतु लिलावाच्या अटी वाचणाऱ्याला त्यांचा साचा ओळखता यावा. वस्तू निरुपयोगी का ठरवली, याची कारणे लेखी नोंदवायची. तिची पुस्तकी किंमत आणि राखीव किंमत काढायची. अंदाजित मूल्य 2 लाख रुपयांपेक्षा अधिक असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव हाच मार्ग. निविदेत सुरक्षा ठेव सर्वसाधारणपणे राखीव किमतीच्या 10 टक्के, तर लिलावात बोली मंजूर होताच किमान 25 टक्के रक्कम जागेवर भरायची. संपूर्ण रक्कम मिळाल्याखेरीज माल हलवायचा नाही. ज्याने बोली जिंकली पण माल उचलला नाही, त्याची ठेव जप्त होते आणि फेरविक्रीत आलेली तूट त्याच्याच माथी बसते.

ही शेवटची अट नवशिक्यांना सर्वाधिक महाग पडते. पडद्यावर आकडे भराभर बदलत असताना ईर्षा चढते. शिवाय बहुतेक ठिकाणी अखेरच्या काही मिनिटांत बोली आली की लिलावाची मुदत आपोआप वाढते, म्हणजे शेवटच्या क्षणी चकवण्याचा डावही चालत नाही. घड्याळ पुढे सरकत राहते आणि तरुण मुलगा वडिलांनी आखून दिलेली मर्यादा ओलांडतो. मालविक्री अधिनियम, 1930 याच्या कलम 64 नुसार हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. मात्र ऑनलाइन लिलावाच्या अटींत बहुधा ही सवलत काढून टाकलेली असते. कळ दाबली की शब्द गेला.

उलट बाजूने पाहता, सर्वोच्च बोली लावली म्हणजे माल आपला झाला असेही नाही. ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीच्या अधीन’ हे शब्द अटींमध्ये असतातच. मंजुरीपूर्वी सर्वोच्च बोलीदाराला मालावर हक्क प्राप्त होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1972 पासून घेतलेली आहे. त्या मंजुरीची वाट पाहताना ठेव अडकून पडते. खेळते भांडवल मोजकेच असलेल्या दुकानाने एकाच आठवड्यात चार ठिकाणी ठेवी भरणे म्हणजे स्वतःची नाडी स्वतःच आवळणे होय.

अटींमधील आणखी एक वाक्य सर्वांना पाठ असते, पण फार थोडे ते मनावर घेतात: ‘जेथे आहे, जसे आहे’. छायाचित्रातील पंपाच्या आत तांब्याची तार आहे की आधीच कोणी काढून नेली आहे, हे पडदा सांगत नाही. म्हणून पाहणीच्या दिवशी स्वतः जावे किंवा जाणत्या माणसाला पाठवावे. वजनावर विक्री असेल तर काटा कोणाचा, दगडमातीची वजावट मिळणार की नाही आणि कापणीचा खर्च कोणाकडे, हे तीन प्रश्न बोलीपूर्वीच लेखी विचारलेले बरे. नंतर तक्रार केल्यास उत्तर ठरलेले असते: पाहणीची संधी दिली होती.

कराचा हिशेब तर अनेकजण लिलावानंतर करतात. वस्तू व सेवा कराखाली ऑक्टोबर 2017 पासून असा नियम आहे की सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने जुनी वाहने, वापरलेला माल वा भंगार नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकल्यास कर विकत घेणाऱ्यानेच ‘उलट आकारणी’ पद्धतीने भरायचा. 3 लाखांचे लोखंडी भंगार घेतले, तर 18 टक्क्यांनी 54 हजार रुपये व्यापाऱ्याने स्वतः शासनाकडे जमा करायचे आणि तेही रोखीच्या खात्यातून. आधीच्या खरेदीवरील जमा करातून ते वळते होत नाहीत. नियमित करदात्याला ही रक्कम भरल्यावर जमा म्हणून मिळते, त्यामुळे त्याच्यासाठी प्रश्न फक्त काही दिवसांच्या पैशाचा. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला मात्र ती जमा मिळत नाही. त्याच्यासाठी ते 54 हजार खरेदीचीच किंमत होऊन बसतात. राखीव किंमत पाहून हुरळलेल्या लहान दुकानदाराचा नफा नेमका येथे विरतो.

काही माल तर हवा म्हणून घेताच येत नाही. 1 एप्रिल 2023 पासून महापालिका, पंचायती आणि शासनाच्या इतर संस्थांच्या 15 वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणीच संपुष्टात येते. अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायची असतात. जुनी कचरागाडी स्वस्तात घेऊन रंगवून मालवाहतुकीला लावण्याचा काळ गेला. संगणक आणि बॅटऱ्या यांनाही 2022 च्या नियमांनी असेच कुंपण घातले आहे. नोंदणी नसलेल्याने अशा मालावर बोली लावू नये, हे उत्तम.

पाळी लावून बोली लावण्याच्या जुन्या सवयीबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. व्यापारी वर्गात तिला आजही कोणी फारसा दोष मानत नाही. शेजारधर्म म्हणून तिचे समर्थनही होते. स्पर्धा अधिनियम, 2002 ते मानत नाही. कलम 3 नुसार संगनमताने बोली लावणे हे कृत्य स्पर्धाविरोधी गृहीत धरले जाते आणि कार्टेल सिद्ध झाल्यास दंड नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, यांपैकी जे अधिक असेल तिथपर्यंत, तोही प्रत्येक वर्षासाठी, जाऊ शकतो. आवारातील लिलावात चहाच्या गप्पांचा पुरावा नसे. ऑनलाइन लिलावात प्रत्येक बोलीची वेळ नोंदली जाते आणि ती कोणत्या संगणकावरून आली याचाही माग लागतो. स्पर्धा आयोगाने एकाच आयपी पत्त्यावरून आलेल्या निविदांना पुरावा म्हणून वजन दिलेले आहे. वडील, मोठा भाऊ आणि पुतण्या यांच्या तीन पेढ्यांनी एकाच गादीवर बसून एकमेकांविरुद्ध बोली लावल्यास त्याला योगायोग म्हणता येणार नाही. मालविक्री कायद्यातील तोच निकष विक्रेत्यालाही लागतो, हे न्याय्यच आहे: विक्रेत्याने भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली, तर खरेदीदार सौदा रद्द करू शकतो.

ज्या घरातील कोणी नगरसेवक आहे, तेथे दक्षता आणखी वाढते. महापालिकेशी झालेल्या करारात सदस्याचा किंवा त्याच्या भागीदाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास 1949 च्या अधिनियमाच्या कलम 10 खाली सदस्यत्व धोक्यात येऊ शकते. या कलमाला अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्यावेत. परंतु घरच्या पेढीच्या भागीदारी पत्रात सुनेचे नाव असेल आणि तीच सभागृहात बसत असेल, तर चार टन लोखंडासाठी तिचे पद पणाला लावायचे का, हा निर्णय संकेतस्थळावर नाव नोंदवण्याआधी घरात व्हायला हवा.

माल उचलण्याची मुदत आदेशात दिलेली असते. ती चुकली की जागाभाडे सुरू होते. मालमोटार, क्रेन आणि कापणीची माणसे यांची सोय मंजुरीपत्र हाती येताच करावी, आणि बाहेर पडण्याच्या परवान्यावरील वजन काट्याच्या पावतीशी ताडून मगच फाटक ओलांडावे.