शंभर चकल्यांना किती तेल?

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी एक भांडण ठरलेले असते. पूर्वी ते राजकारणावरून होई, मधली काही वर्षे क्रिकेटवरून झाले, आणि गेल्या दिवाळीत ते मोटारींवरून झाले. जावईबापूंना बढती मिळाली आहे. बढतीबरोबर माणसाला जर्मन मोटार हवीशी वाटू लागते, हा अलीकडचा निसर्गनियमच आहे. जावईबापू बीएमडब्ल्यूच्या पाच-मालिकेच्या बाजूचे. भाचा मर्सिडीजच्या ई-वर्गाचा कैवारी. मुलीने दोघांनाही वैतागून ऑडी ए-सिक्सचे नाव घेतले. तिला ऑडीचे प्रेम नाही. नवऱ्याचे ऐकायचे नाही, एवढेच.

वाद रंगला तो सगळा आकड्यांवर. “शून्य ते शंभर किती सेकंदांत?” “अश्वशक्ती किती?” “मायलेज किती?” मोबाइलवरून आकडे निघत होते आणि समोरच्याच्या तोंडावर फेकले जात होते. शेवटी भाचा माझ्याकडे वळला. “मामा, तुम्ही अकरा वर्षे स्टुटगार्टला काढलीत. तुम्हीच निकाल द्या.”

मी निकाल दिला, आणि तो कोणालाच आवडला नाही. म्हणून तो इथे जाहीरपणे लिहितो. घरच्यांना पटत नाही ते छापून आणले की पटते, असा माझा अनुभव आहे.

माझे म्हणणे एवढेच, की या तीन गाड्यांची तुलना आपण ज्या आकड्यांनी करतो, त्यांतले बरेचसे निरुपयोगी आहेत आणि काही तर चक्क खोटे होते. खेदाची गोष्ट अशी, की वेग आणि काटकसर यांचे जे लग्न जर्मन इंजिनियरांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच लावून दिले होते, ते मोडले इंजिनियरांनी नव्हे. मोडले आपल्यासारख्या हौशी वऱ्हाडाने.

आधी हिशेबाची पद्धत पाहू. आपण विचारतो, ‘लिटरला किती किलोमीटर?’ जर्मन माणूस विचारतो, ‘शंभर किलोमीटरला किती लिटर?’ हा फरक वरवर शब्दांचा वाटतो. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र तो चकल्या तळता तळता एका वाक्यात उलगडला. म्हणाल्या, “शंभर चकल्यांना तेल किती लागेल, असेच विचारतात. पावशेर तेलात चकल्या किती, असे विचारणारीने तळलेली चकली मी खाणार नाही.” खरेच आहे. एका गाडीचे लिटरला 8 चे 10 किलोमीटर झाले आणि दुसरीचे 20 चे 25 झाले, तर आपण दुसरीचे कौतुक करू; तिने पाच मिळवले, पहिलीने दोनच. पण शंभर किलोमीटरचा हिशेब मांडा. पहिलीचे साडेबारा लिटरांचे दहा झाले, म्हणजे अडीच लिटर वाचले. दुसरीचे पाचाचे चार झाले. वाचला एकच लिटर. खिशाला कळते ते लिटर. किलोमीटर फुकटच असतात.

आता माझी वही उघडतो. मी 1988 ते 1999 स्टुटगार्टला होतो. माझ्याकडे जुनी घेतलेली मर्सिडीज 240 डी होती. चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणि 72 अश्वशक्ती. शंभराचा वेग गाठायला तिला वीस सेकंदांहून अधिक लागत. याच घराण्यातली एक 1976 ची गाडी ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने, इंजिने बदलत बदलत, 46 लाख किलोमीटर चालवली. ती आज स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात मानाने उभी आहे. माझ्या शेजाऱ्याकडे बीएमडब्ल्यू 525-ई होती. तिच्यातला ‘ई’ म्हणजे ग्रीक ‘ईटा’ हे अक्षर. इंजिनियर त्याने कार्यक्षमता दाखवतात. ही गंमतीची गाडी होती. तिचे इंजिन 2.7 लिटरांचे, म्हणजे शेजारच्या 525-आयच्या अडीच लिटरांहून मोठे; पण ताकद मात्र सुमारे 125 अश्वशक्ती, 525-आयच्या दीडशेहून कमी. इंजिन मोठे ठेवायचे आणि त्याला सावकाश फिरवायचे, म्हणजे घर्षणात शक्ती कमी वाया जाते, हा त्यामागचा विचार. कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे ऑडी 100 टीडीआय होती. तिचे इंजिन 1989 साली आले; पाच सिलिंडर, अडीच लिटर, 120 अश्वशक्ती, आणि डिझेल थेट सिलिंडरच्या पोटात फवारण्याची सोय.

आम्ही तिघांनी एक उन्हाळाभर वही ठेवली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची, भागाकार करायचा. माझ्या 240 डीला शंभर किलोमीटरला 9 लिटरांच्या थोडे वर लागले. बीएमडब्ल्यूला साडेनऊच्या जवळपास पेट्रोल लागले. ऑडीला लागले पावणेसात. आणि ऑडी ताशी जवळजवळ 200 किलोमीटर धावू शकत होती! म्हणजे तिघींत जी काटकसरी, ती चपळाईतही माझ्या गाडीच्या कैक पटींनी पुढे. ‘सावकाश तेच स्वस्त’ हे माझे लाडके मत त्या वहीने कायमचे खोडून काढले. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, ती वाट अडवून आत घ्यावी लागत नाही, आणि एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-एक टक्के जास्त ऊर्जा असते. त्यात थेट फवारा आणि टर्बो यांची भर पडली. इंजिनियरांनी कोडे सोडवले होते. पुढे 2016 साली मर्सिडीजची ई 220 डी आली; 194 अश्वशक्ती, आणि कागदावरचा खर्च शंभराला 3.9 लिटर!

कागदावरचा, हा शब्द मात्र विसरू नका. तिथेच पाणी मुरते.

युरोपात 1990 च्या दशकापासून 2017 पर्यंत ज्या परीक्षेवरून हे आकडे काढत, ती परीक्षा वीस मिनिटांची आणि अकरा किलोमीटरची होती. तीही रस्त्यावर नव्हे, बंद खोलीत रुळांवर. वातानुकूलन बंद. सरासरी वेग ताशी सुमारे 34 किलोमीटर. आणि या परीक्षेत शून्यापासून पन्नासाच्या वेगापर्यंत जायला 26 सेकंद दिलेले असत! जाहिरातीच्या एका पानावर लिहायचे, ‘सात सेकंदांत शंभर’. आणि दुसऱ्या पानावर खर्चाचा आकडा छापायचा तो 26 सेकंदांत पन्नास गाठणाऱ्या गाडीचा. एकाच घरातली मुलगी एका स्थळाला नृत्यनिपुण म्हणून दाखवायची आणि दुसऱ्याला सोवळ्याची म्हणून, तशातला हा प्रकार. दोन्ही आकडे एकाच गाडीचे. पण एकाच वेळी दोन्ही खरे कधीच नसतात.

आणि हे झाले कायद्यात बसणारे. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत जे उघडकीस आले, ते कायद्याबाहेरचे होते. फोक्सवागनच्या डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली बसवली होती, की गाडी परीक्षेच्या रुळांवर आहे हे ओळखून तेवढ्यापुरती ती सोवळी होई. जगभरात अशा एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. ऑडीची मोठी डिझेल इंजिनेही त्या जाळ्यात सापडली. तुम्हांला तिघींची तुलनाच हवी असेल, तर ही घ्या. जर्मनीत ऑडीला 2018 साली 80 कोटी युरो दंड झाला. मर्सिडीजच्या मालकीणबाईंना, म्हणजे डाइमलरला, 2019 साली 87 कोटी युरो. बीएमडब्ल्यूला त्याच वर्षी 85 लाख युरो, तोही चुकीची आज्ञावली बसवल्याच्या निष्काळजीपणाबद्दल. शून्य ते शंभरच्या तक्त्यांत हा आकडा कोणी छापत नाही.

कोणी म्हणेल, आकड्यांची लबाडी झाली, त्यात आपले काय गेले? मी स्टुटगार्टला नेकारटोर नावाच्या चौकाजवळून वर्षानुवर्षे जात असे. तिथल्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइड किती, हे मोजणारी पेटी आहे. कायद्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम. 2015 साली तिथले प्रमाण तिच्या दुपटीहून अधिक होते. शेवटी न्यायालयाच्या निकालानंतर 1 जानेवारी 2019 पासून, खुद्द मर्सिडीजच्या गावात, जुन्या डिझेल गाड्यांना बंदी करावी लागली. कागदावर वाचवलेले ते विष मुलांच्या छातीत गेले होते. मी स्वतः त्या गावात अकरा वर्षे डिझेल जाळले आहे. त्या धुरात माझाही वाटा आहे, हे मी नाकारीत नाही.

आता दुसरा आरोप, आणि हा थेट गिऱ्हाइकावर. जर्मन लोक या गाड्यांच्या वर्गाला ‘वरचा मध्यमवर्ग’ म्हणतात. नाव मार्मिक आहे. कारण वरच्या मध्यमवर्गाप्रमाणेच या गाड्यांचेही पोट वर्षागणिक सुटत गेले. पहिली पाच-मालिका 1972 साली आली, तेव्हा तिची लांबी 4.62 मीटर होती आणि वजन सव्वा टनाच्या आसपास. 2023 साली आलेली 5.06 मीटर लांब आहे, आणि साध्यातली साधीदेखील पावणेदोन टनांच्या घरात. इंजिनियराने डोके झिजवून वाचवलेला प्रत्येक लिटर आपण पुन्हा लांबीत, रुंदीत आणि खुर्चीच्या गुदगुल्यांत घातला.

शिवाय जर्मनीत या गाड्या विकत घेणारा एक आणि चालवणारा दुसरा. तिथल्या नव्या मोटारींपैकी सुमारे दोन-तृतीयांश कंपन्यांच्या नावाने नोंदल्या जातात. चालवणाऱ्याच्या पगारात गाडीच्या छापील किमतीचा एक टक्का दरमहा धरून कर कापला की झाले; मग तो महिन्याला चारशे किलोमीटर जावो की चार हजार. इंधनाचे कार्ड बहुधा कंपनीचे. दुसऱ्याच्या तेलात चकल्या तळणाऱ्याने तेल मोजले, असे कोणी ऐकले आहे काय?

या साऱ्याचा कळस म्हणजे 2024 ची बीएमडब्ल्यू एम-फाइव्ह. 1985 च्या पहिल्या एम-फाइव्हची ताकद 286 अश्वशक्ती होती, आणि तिला पाहून आम्ही तोंडात बोटे घातली होती. आताची 727 अश्वशक्तीची, वजन 2,400 किलोंच्या वर. आणि कागदावरचा खर्च शंभर किलोमीटरला दोन लिटरांहूनही कमी! कारण तिच्यात विजेची बॅटरी आहे, आणि मालक ती नित्यनेमाने भारून घेतो असे परीक्षेत धरलेले असते. मालक काय करतो, हे युरोपीय आयोगाने 2024 मध्ये प्रसिद्ध केले. रस्त्यावरच्या गाड्यांतूनच माहिती गोळा केली, तेव्हा साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा खरा धूर कागदापेक्षा सुमारे वीस टक्के अधिक निघाला. आणि या बॅटरीवाल्या दुहेरी गाड्यांचा साडेतीन पट.

“पण मामा,” भाचा म्हणाला, “जर्मनीत वेगाला बंधनच नाही ना? मग ताकद हवीच.” बरोबर; तिथल्या महामार्गांच्या बऱ्याच भागांवर बंधन नाही, ताशी 130 ची नुसती शिफारस आहे. पण हवेला ती सवलत ठाऊक नाही. वेग 120 वरून 180 झाला, की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती तिपटीहून अधिक. म्युनिकच्या वाटेवर माझ्या शेजाऱ्याने मला कितीदा तरी वाऱ्यासारखे मागे टाकले आहे. म्युनिकला पोहोचलो, की तो कॉफीचा पहिला पेला संपवीत बसलेला असे. त्याने मिळवले ते एवढेच. तो एक पेला. आणि आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर मर्यादा सपाटीला शंभर आहे. इथे 250 ची ताकद बाळगणे म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नाचे पातेले ठेवण्यासारखे आहे.

मी जर्मन गाड्यांचा वैरी नाही. चाकणला मर्सिडीज जुळते, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ऑडी जुळते. आपली मराठी पोरे त्या कामावर आहेत, याचा मला अभिमान आहे. 2017 पासून युरोपात परीक्षा लांब आणि कडक झाली, धुराची मोजणी रस्त्यावर होऊ लागली. आजची चांगली जर्मन डिझेल गाडी, धूर धुणाऱ्या युरियासकट, खरोखरच वेगवान आणि काटकसरी आहे. म्हणजे यंत्र सुधारले. वाद घालणारे मात्र अजून शून्य ते शंभरवरच अडलेले आहेत.

तेव्हा जावईबापू, माझा निकाल पुन्हा सांगतो. तिघींपैकी कोणतीही घ्या. सासऱ्याची हरकत नाही. मात्र तिघींतली सर्वांत लहान, सर्वांत हलकी आणि सर्वांत कमी ताकदीची निवडा. आणि घेताना विक्रेत्याच्या टेबलावर अश्वशक्ती विचारू नका. शंभर किलोमीटरला किती लिटर, तेही रस्त्यावर, असे विचारा. तो हसेल. हसू द्या. मग दोनशे पानांची एक वही घ्या, गाडीच्या कप्प्यात ठेवा, आणि प्रत्येक टाकीला दोन आकडे लिहा. वर्षाने पुढच्या दिवाळीला ती वही घेऊन या.

गेल्या वर्षी हे ऐकून जावईबापूंनी मान हलवली आणि चकली उचलली. यंदा ते येणार आहेत. गाडी घेतली की नाही, हे मुलगी फोनवर सांगत नाही. मी एक वही मात्र आणून ठेवली आहे. ओवाळणीच्या ताटात घालीन म्हणतो.