लसीकरणाची पुस्तिका कशी छापावी?

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लसीकरणाची पुस्तिका छापताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. ही पुस्तिका कधीच पूर्ण होत नसते.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यात सहा रोगांवरील लसी होत्या. पुढे कावीळ-ब, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला, न्यूमोकॉकल अशी भर पडत गेली. नुसते पोलिओचे इंजेक्शनच घ्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते आले, तेव्हा साडेतीन महिन्यांच्या बाळाला ०.५ मि.लि.चा एकच डोस स्नायूत द्यायचा होता. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने त्याऐवजी ०.१ मि.लि.चे दोन डोस त्वचेत, दीड व साडेतीन महिन्यांना, असे ठरले. जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसरा डोस आला. म्हणजे जेमतेम सात-आठ वर्षांत हे पान दोनदा बदलावे लागले.

बदल झाला की परिपत्रक निघते आणि फाइलला लागते. पुस्तिकेच्या शेवटी 'टिपांसाठी' कोरी पाने सोडण्याचीही पद्धत आहे. पण नऊ महिन्यांचे बाळ समोर रडत असताना परिचारिका नऊ महिन्यांचेच पान उघडणार, शेवटचे नव्हे! नवी माहिती जुन्या पानाच्या जागीच गेली पाहिजे आणि जुने पान फाडून टाकले पाहिजे. दोन्ही राहिली तर घोटाळा ठरलेला.

मग सगळी पुस्तिकाच सुट्या पानांची करावी का? माझ्या मते नाही. आपल्याकडच्या पावसात आणि धावपळीत सुटी पाने टिकत नाहीत. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवणे, सुई टोचण्याची रीत, टोचल्यावर अर्धा तास बाळाला थांबवून ठेवणे, हा भाग सहसा बदलत नाही. तो पक्क्या बांधणीत असावा. वेळापत्रक व मात्रा यांची मात्र वेगळी, पातळ पुस्तिका असावी. बदल झाला की ती सबंध बदलावी व जुनी परत घ्यावी. प्रत्येक पानावर महिना व वर्ष छापावे. पानांचे क्रमांक प्रकरणानुसार द्यावेत, म्हणजे मध्ये एक पान वाढले तरी पुढचे सगळे आकडे चुकत नाहीत. खर्च थोडा वाढेल, पण चुकलेल्या डोसापेक्षा तो स्वस्तच.

पालकांनीही घरातले लसीकरण कार्ड एकदा पाहावे. ते जुने छापलेले असेल तर नव्या डोसाचा रकानाच त्यात नसेल, आणि सगळे रकाने भरलेले पाहून लसी पूर्ण झाल्या असे वाटेल. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी ते कार्ड परिचारिकेला दाखवून घ्यावे.