शिकाऱ्याची दुर्बीण आपल्या हाती
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

दुर्बीण ही चैनीची वस्तू आहे, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. सिनेमातल्या सेनापतीच्या, बोटीवरच्या कप्तानाच्या, नाहीतर शिकाऱ्याच्या गळ्यात ती शोभते. आगर-नरपडच्या चिकूच्या वाडीतल्या मुलाला किंवा तलासरीहून एस.टी.च्या पासावर कॉलेजला येणाऱ्या मुलीला तिचे काय काम, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांच्याशी थोडे भांडायचे आहे, आणि भांडून झाल्यावर कमी पैशांत दुर्बीण कशी निवडावी तेही सांगायचे आहे. नुसत्या भांडणाने दुर्बीण हाती येत नाही.

यंदा आमच्या वर्गातल्या तीन-चार जणांनी मोबाईलवर जाहिरात पाहून दुर्बिणी मागवल्या. जाहिरातीत हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घातलेला शिकारी, समोर हरीण, आणि खाली मजकूर: ‘शिकारीसाठी खास, ३०×६०, रात्रीही स्पष्ट’. किंमत हजाराच्या आत. आल्या त्या दुर्बिणी तळहातावर मावणाऱ्या! एकीतून पाहिले तर स्टेशनची पाटी दोन-दोन दिसे, आणि दुसरीतून एकही धड दिसेना. पैसे गेले ते गेलेच; पण ‘दुर्बीण म्हणजे असलीच’ असे त्यांचे मत होऊन बसले, हे नुकसान मला मोठे वाटते.

आता त्या जाहिरातीतल्या शिकारीविषयी. आपल्या मुलखाला शिकार परकी नाही. वारली चित्रांत धनुष्यबाण घेतलेला माणूस आणि पळणारे जनावर आहेच. घरोघरीचे म्हातारे ससे-तितरांच्या गोष्टी सांगतात, आणि मुंबईहून बंदुका घेऊन येणाऱ्या शेठ लोकांच्याही सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्रकाराला लगाम घातला. तरी परवाना काढून काही शिकार करण्याची वाट त्यात शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी २० जून रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. तेव्हा आज आपल्याकडे ‘शिकारीची दुर्बीण’ विकणारा माणूस प्रत्यक्षात करता येत नाही अशा कामाचे साहित्य विकतो आहे. कायदा मोडण्याचा सल्ला मी देणार नाही, आणि गलोल घेऊन होल्यामागे धावणाऱ्या पाड्यावरच्या पोराला गुन्हेगार म्हणण्याचीही माझी तयारी नाही. ज्यांच्या डोळ्यांदेखत जंगलाचे कूप तुटले आणि लाकूड दुसऱ्यांच्या दारी गेले, त्यांना निसर्गप्रेमाचे धडे देणारे आपण कोण? उलट मला वाटते, तितर कुठल्या झुडपात ओरडतो हे ज्या पोराला न पाहता कळते, त्याच्याच हाती पहिली दुर्बीण जायला हवी.

हे मी हवेत बोलत नाही. डॉ. सालिम अली यांच्या आयुष्याची सुरुवात शिकारीनेच झाली. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने दहा-बारा वर्षांचा असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला त्याच्या शिकारी मामांनी त्याला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथे मिलर्ड नावाच्या साहेबाने कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि मुलाचा जन्मभराचा रस्ता ठरला. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले, हे त्यांनी कधी लपवले नाही. त्या काळी पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याची जात नक्की ठरत नसे. आज हातात न घेता ठरवता येते. त्याला कारण दुर्बीण आणि कॅमेरा.

तर मग कोणती घ्यावी? गंमत अशी, की इथे परदेशातल्या शिकाऱ्यांचा अनुभव आपल्या उपयोगी पडतो. शिकारी पहाटे आणि तिन्हीसांजेला, कमी उजेडात, लांबून पाहतो. किनाऱ्यावरचा पक्षीही तसाच पाहावा लागतो. फरक एवढाच की आपल्याला नेम धरायचा नाही.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४० म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा: पाच. म्हणजे तुमच्या डोळ्यात पाच मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत येतो. आपली बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते आणि अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत मोठी होते. झोत बाहुलीपेक्षा बारीक असेल तर संध्याकाळी चित्र काळवंडते. खिशातल्या ८×२१ ला हा आकडा जेमतेम अडीचच्या वर जातो, म्हणून ती दुपारी चांगली आणि सहा वाजता निकामी. आता जाहिरातीतल्या ३०×६० चा हिशेब करा. आकडे खरे धरले तरी झोत दोन मिलिमीटरचा, आणि तीसपट मोठे केलेले चित्र हातात क्षणभरही स्थिर राहत नाही. पण आकडे खरे नसतातच. पट्टी घेऊन पुढचे भिंग मोजा. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. तळहातावरच्या दुर्बिणीला एवढे भिंग बसेल कुठे?

‘जास्त पट म्हणजे चांगली’ हा समज तर सर्वांत महागात पडतो. पट वाढली की हाताचा कंप तितक्याच पटीने वाढतो आणि दिसणारा प्रदेश आक्रसतो. चांगल्या ८×४० मधून आठ अंशांच्या आसपास दिसते, म्हणजे १००० मीटरवर सुमारे १४० मीटर रुंदीची पट्टी. साडेसहा अंशांच्या १०×५० मधून तीच पट्टी ११४ मीटरवर येते. उडता पक्षी त्या पट्टीतून निसटला की शोधत बसा. शिवाय १०×५० चे वजन बहुधा पाऊण किलोच्या वर असते. तासाभराने मान सांगू लागते. बोटीवर जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. बोट हलते, म्हणून त्यांना ७×५० सोयीची. पट कमी-जास्त करता येणाऱ्या ‘झूम’ दुर्बिणी स्वस्तात अजिबात घेऊ नयेत, कुठल्याच पटीवर त्या नीट चालत नाहीत.

आता आतल्या रचनेविषयी. दुर्बिणीत लोलक असतात. त्यांची एक जुनी मांडणी पोरो या इटालियन माणसाच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पुढची भिंगे डोळ्यांच्या भिंगांपेक्षा बाहेर सरकलेली असतात, त्यामुळे दुर्बीण खांदे रुंद असलेल्या माणसासारखी दिसते. दुसऱ्या मांडणीत नळ्या सरळ असतात. ती देखणी आणि आटोपशीर खरी, पण तिचे लोलक फार काटेकोर घडवावे लागतात आणि खर्च तिथे जातो. म्हणून पैसे थोडे असतील तर रुंद खांद्यांची घ्यावी, त्याच पैशांत चित्र अधिक चांगले मिळते. नावाजलेल्या जपानी कंपन्यांच्या अशा साध्या ८×४० किंवा ८×४२ दहा हजारांच्या आगेमागे येतात. लाखाच्या वर किंमत असलेल्या युरोपी दुर्बिणी आहेत, त्या उत्तमही आहेत. त्यांचा विचार नोकरी लागल्यावर करू.

दुकानात गेलात तर लाजू नका. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्यांच्या भिंगात उजेडाचे दोन ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल हवेत. कडा चौकोनी कापलेल्या वाटल्या तर लोलक हलक्या काचेचे आहेत. पुढच्या भिंगावर लालभडक चकाकी असेल तर ती दुर्बीण खाली ठेवा. शोभेचा तो लेप उजेड परतवून लावतो. मग रस्त्यापलीकडची पाटी दोन-तीन मिनिटे पाहा. डोळे ओढल्यासारखे वाटले किंवा अक्षरे दुहेरी दिसली तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच पाहावे. डोळा भिंगापासून दीडएक सेंटिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या रशियन दुर्बिणी मिळतात. त्या लोखंडासारख्या टिकाऊ असतात आणि चित्र किंचित पिवळसर देतात. नळ्या सरळ आणि काच स्वच्छ असेल तर घेण्यासारख्या. पण काच नीट तपासा, कारण जुन्या भिंगाला बुरशी हमखास लागते. आपल्या खाऱ्या हवेत तर नव्यालाही लागते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसण्याची सक्त मनाई: इतके पाळले तर साधी दुर्बीण पंधरा-वीस वर्षे जाते. (भिंगावर वाळूचा कण असताना कापड फिरवणे म्हणजे काचेला कानस लावणे.)

‘मोबाईलमध्ये झूम असताना हे सगळे कशाला?’ असे एका प्राध्यापकांनी मला विचारले. ओहोटीच्या वेळी आगरच्या किनाऱ्यावर उभे राहा. पाण्याच्या कडेला तुतवारांचा थवा असतो, आणि त्यांच्यात लांब वाकड्या चोचीचा एखादा मोठा पक्षी. जवळ गेलात की सगळे उडतात. दीडशे-एकशेसाठ मीटरवरून मोबाईलमध्ये दिसतात ते भुरे ठिपके. आठ पटींची दुर्बीण एकशेसाठ मीटरचे वीस मीटर करते, आणि वाकड्या चोचीवाल्याच्या डोक्यावर पट्टे आहेत की नाहीत ते दिसते. पट्टे असतील तर तो विंब्रेल, नसतील तर बहुधा कर्ल्यू. दोघेही दूर उत्तरेकडून थंडीत इथे येतात. आपल्या गावात दर हिवाळ्याला हा पाहुणा येतो आणि आपल्याला त्याचे नाव सांगता येत नाही!

नाव सांगता येण्या-न येण्याने काय बिघडते, ते रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून कळते. हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणा शास्त्रज्ञाला दिसले नव्हते. माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत एक मिळाल्याचे सांगितले आणि शोध घेणारे वर्षानुवर्षे त्यावर विसंबले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी सिद्ध केले, की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी होता, फक्त चिठ्ठी बदललेली. त्या आणि त्यांचे साथीदार खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! हे घुबड दिवसाढवळ्या हिंडते. शहाद्याच्या पाड्यांवरच्या माणसांनी त्याला या ११३ वर्षांत पाहिले नसेल, हे मला पटत नाही. त्यांनी पाहिले असणार. पण त्यांचे पाहणे कुठल्याच वहीत चढत नव्हते.

आपल्या किनाऱ्याचे याहून वेगळे नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. मच्छीमारांचा विरोध आपण सगळे जाणतोच, कित्येकांच्या घरचाच तो प्रश्न आहे. बंदर हवे की नको हा वाद या लेखात मी घेत नाही. पण उद्या कोणी म्हणाले की ‘इथे पक्षी फारसे नव्हतेच’, तर त्याला दाखवायला आपल्यापाशी काय आहे? म्हाताऱ्यांच्या आठवणी पुरावा म्हणून चालत नाहीत, असे आपल्याला लगेच सांगितले जाईल. तारीख, जागा आणि संख्या लिहिलेली वही लागते, आणि ती वर्षानुवर्षे भरत राहावी लागते. शनिवार-रविवारी मुंबईहून भारी दुर्बिणी घेऊन येणारे लोक याद्या करतात, चांगले करतात. पण मंगळवारी सकाळी किनाऱ्यावर कोण असते? आपणच.

म्हणून माझे मागणे असे. महाविद्यालयाने पहिल्या वर्षी दोन ८×४० दुर्बिणी घ्याव्यात आणि ग्रंथालयातून पुस्तकांसारख्या, ओळखपत्रावर, दोन दिवसांसाठी द्याव्यात. जिमखान्याच्या क्रिकेटच्या साहित्यावर आपण खर्च करतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही (मी स्वतः यष्टिरक्षक आहे). पण बॅट अकरा जणांच्या कामी येते आणि दुर्बीण तिन्ही वर्षांच्या वर्गांना पुरते. हरवेल, फुटेल ही भीती खोटी नाही, पुस्तकेही हरवतात. दुर्बिणीबरोबर एक रजिस्टर असावे. त्यात तारीख, वेळ, भरती की ओहोटी, जागा, पक्षी, संख्या, आणि एक रकाना पक्ष्याच्या घरच्या नावाचा. वारली, मांगेली, माच्छी, ज्याच्या घरी जे नाव असेल ते. मराठी विभागालाही त्यात काम आहे.

सुरुवात पक्षी सप्ताहात करता येईल. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. तोपर्यंत थंडीचे पाहुणेही उतरलेले असतात. वेळेचे म्हणाल तर कोळ्यांचे गणित पुरे आहे: अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या पुढेमागे, आणि मग रोज पाऊण तासाने उशिरा. भरतीच्या आधीचे दोन तास उत्तम; पाणी चढते तसे पक्षी आपल्याकडे सरकत येतात. पौर्णिमेच्या आसपास सकाळी दहाचा तास बुडेल, त्याची परवानगी भूगोलाच्या सरांनी तोंडी दिली आहे. रजिस्टरचे रकाने मी आखून देतो. दुर्बिणीची खरेदी कार्यालयाने करावी.