समुद्राची ऊब, बेटांची वीज

समुद्राच्या तापमानभेदातून भारताला तात्त्विकदृष्ट्या १ लाख ८० हजार मेगावॉट वीज मिळू शकते, असा आकडा सरकारी कागदपत्रांत आढळतो. आकडा दिपवणारा आहे. परंतु त्याच्या आधारे धोरण आखणे शहाणपणाचे ठरणार नाही.

उष्ण कटिबंधात समुद्रपृष्ठावरील पाणी सुमारे २८ अंश सेल्सिअस, तर हजार मीटर खोलीवरील पाणी अवघे पाच ते सात अंश असते. निर्वात कक्षात वरच्या पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवायचे आणि खोलवरच्या थंड पाण्याने ती वाफ गोठवून नव्हे, तर द्रवरूप करून गोडे पाणीही मिळवायचे, ही एक पद्धत. ही वीज रात्रंदिवस मिळते. मात्र तापमानातील फरक अल्प असल्याने कार्यक्षमता जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास राहते आणि प्रचंड पाणी उपसावे लागते. तूतुकुडीजवळचा एक मेगावॉटचा तरंगता प्रकल्प या शतकाच्या आरंभी अडला, तो थंड पाण्याचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा नळ समुद्रात उतरवतानाच.

भूगोलही सर्वत्र अनुकूल नाही. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन शेकडो किलोमीटर पसरलेली असल्याने खोल पाणी फार दूर आहे. लक्षद्वीपमध्ये ते किनाऱ्यालगतच मिळते. तेथील कवरत्ती बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये याच तापमानभेदावर दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारे संयंत्र सुरू केले; पुढे मिनिकॉय व अगत्ती येथेही ते झाले. परंतु पंपांना लागणारी वीज प्रामुख्याने मुख्य भूमीवरून जहाजाने आणलेल्या डिझेलवरच निर्माण होत आली. पाणी समुद्राचे, तहान मात्र डिझेलची, अशी ही स्थिती. म्हणूनच संस्थेने कवरत्तीत हाती घेतलेला ६५ किलोवॉटचा प्रकल्प आकाराने लहान असला तरी महत्त्वाचा आहे.

त्याची तुलना राजस्थानातील स्वस्त सौरविजेशी करणे अन्यायाचे होईल. अवघ्या ३२ चौरस किलोमीटरच्या द्वीपसमूहात सौरपटलांसाठी मोकळी जमीन नाही. छतांवरील सौरऊर्जा आधी वापरावीच. पण खरी तुलना बेटावर पोहोचलेल्या डिझेलच्या व पाण्याच्या एकत्रित खर्चाशी व्हावी.

केंद्राने २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. दर्जाने नळ टिकत नाही. पंपांचा वापर वजा जाता उरलेली वीज, बंद पडलेले दिवस आणि देखभालीचा खर्च हे कवरत्तीचे तिन्ही हिशेब दरवर्षी जाहीर व्हावेत. ते समाधानकारक ठरले, तरच अंदमान-निकोबारसाठी मोठ्या प्रकल्पाला निधी द्यावा. लाखो मेगावॉटच्या स्वप्नापेक्षा एका बेटाचे डिझेल वाचवणारा प्रामाणिक ताळेबंद देशाला अधिक उपयोगी पडेल.